चौथा रंग

शेफील्डला, टायरच्या दुकानावर माळ्यासारखी खोली.
तिथं ग्लेनिस जाळीवर शाई ओढायची
आणि मी चित्रं काढायचे: प्लंबरची पक्कड,
कुणाच्या लग्नाआधीच्या दंग्याचे गुलाबी मुकुट,
कुत्र्यांच्या शर्यतीचा एक क्लब, तो पैसे बुडवून गेला.

मधल्या वेळात माझा बगळा.
डॉन नदीत उलटी पडलेली दुकानाची ट्रॉली,
तिच्या चाकावर एका पायावर उभा,
चाक फिरेल या धास्तीनं मान आखडलेली.
सतरा कागद फाडले त्या मानेपायी.
ग्लेनिस म्हणाली, "तीनच रंग. चौथा परवडत नाही."
मग डोळा कापडाचाच ठेवला, कोरा.

अकरा खपले.
उरलेल्यांनी आम्ही जाळ्या पुसल्या.

काल धर्मादाय दुकानात, दोन पौंडांच्या दांडीवर
तो दिसला. पोटाशी शाईला भेगा,
गळा सैलावलेला, कडेला भिंतीच्या रंगाचे शिंतोडे.
कोण राबलं इतकं याला घालून?
डोळ्यापाशी भोक पडलं असावं.
तिथं हिरव्या दोऱ्यानं, जरा तिरकं,
रफू.

बराच वेळ अंगठा फिरवत राहिले.
हँगरवर साईज होती एक्सएल.
मला एस लागतो.
घेतला.