शिवलेले रोजे

हसनैन सहा वर्षांचा. म्हणाला, मीही रोजा धरणार.
म्हटलं, धर ना, अर्ध्या दिवसाचा.
दोन अर्धे झाले की मशीनवर घालून
एक सबंध शिवून देईन.

त्याला पटलं. का नाही पटणार,
उरल्यासुरल्या चिंध्यांतून
उशीचा अभ्रा निघताना पाहिलाय त्याने.

तेव्हापासून आमच्या बाणकोटच्या घरात
जोहरची अजान झाली की
एक पोरगं पेजेच्या ताटलीसमोर बसतं,
जवळ्याची चटणी बोटाने चाटतं
आणि उठताना बजावतं,
"आज डावा झाला. उद्या उजवा."

उजव्याच्या दिवशी दुपारनंतर पाणीसुद्धा नाही.
सहेरीला मात्र रोज उठव म्हणतो,
उठवलं की रडतो,
रडत रडत नारळाच्या रसात घावन बुडवतो, डोळे मिटून.
तय्यबा अकराची, तिचे रोजे पुरे.
ती त्याच्याकडे बघतसुद्धा नाही,
मोठ्या माणसासारखी.

संध्याकाळी दोघं पडवीत.
खजूर, कलिंगड, तांदळाची सांदणं.
अब्बा जहाजावर, त्यांचा सूर्य
कुठल्या पाण्यात बुडतो, फोन लागला तर कळतं.
खाडीपलीकडची अजान आधी येते,
वाऱ्याने तुटलेली.
तय्यबा भावाचं मनगट धरून ठेवते,
"ती त्यांची. आपली येऊ दे."
एकदा फेरीबोटीच्या भोंग्याला फसला,
अख्खा खजूर तोंडात.
तो उजवा आम्ही मोजला नाही,
खोडलाही नाही.

मग अठरावा रोजा.
स्वयंपाकघराच्या दाराआड, माठाशी,
पाठ करून मी पाणी पीत होते.
महिन्यातले ते दिवस. घराघरांत
सगळ्यांना माहीत, कुणीच बोलत नाही.
वळले, तर हा उभा.

पेला हातात तसाच.
म्हटलं, "माझे काही राहतात रे.
ईदनंतर धरायचे."
"म्हणजे तुझेपण अर्धे?"
"तसंच समज."
"मग तुझे कोण शिवतं?"

मशीनवर गावाच्या ईदचे अकरा कुर्ते,
एकालाही अजून काजं नव्हती.
मी त्यांच्याकडे बघत राहिले.
तो गेला, सुई आणि पांढरं रीळ घेऊन आला.
दोरा दोनदा हुकला. तिसऱ्यांदा
टोक थुंकीने ओलं केलं
(त्याचा डावा सुटून तास झाला होता,
हे त्याने आधी मला सांगितलं)
आणि ओवलेली सुई
माझ्या ओढणीला टोचून ठेवली.
तय्यबाला सांगितलं नाही त्याने.
मीही नाही.

ईद झाली. शीरखुर्म्याचं पातेलं घासून पालथं पडलं.
काजूची बोंडं अंगणात सडायला लागली.
एका मंगळवारी मी एकटीच रोज्याने,
भर दुपारी काजं करत बसलेली.
शाळेतून आला, दप्तर टाकलं,
ताट पुढे केलं तर बाजूला सारलं
आणि हळूच, शेजारी ऐकू नये असं,
विचारलं,
"आज तुझा डावा की उजवा?"