गळती

एकास बारा.
चकचकीत लाल प्लास्टिक, जपानी खोका,
वुल्व्हरहॅम्प्टनच्या स्वयंपाकघरात नोव्हेंबरभर उघडा.

नवी नकोच होती मला.
टाकीवर मीठ भुरभुरलं, वर रंग, मग ओला ब्रश.
मीठ निघालं, गंज उरला.
सीट बेतली जुन्या पर्सच्या कातड्यातून,
क्लचची तार, साडीच्या फॉलचा काळा दोरा,
मडगार्डला चिखल हवा होता :
चहाचा चोथा, वाळवून चाळलेला.

शेजारचे पार्जेटर आले. तीस वर्षं कारखान्यात
अशीच इंजिनं जोडलेली बोटं, आता वाकडी.
चष्मा कपाळावर सारून बराच वेळ पाहिलं.
“सगळं बरोबर. पण ही गळत नाही.”

मग टूथपिकच्या टोकानं
इंजिनाखाली, पुठ्ठ्यावर,
काळ्या रंगाचा एक थेंब.

त्यांचा हात
आपसूक खिशातल्या फडक्याकडे गेला.