एकास त्रेचाळीस

रविवारी उद्यमबागेतली भट्टी थंड असते,
तेव्हा मी डॉज उघडतो.
बुडाचे दोन रिवेट ड्रिलनं उडवायचे, मग टप वेगळा, सीट वेगळी,
मावशीच्या दंतपंक्तीएवढी जाळी वेगळी.
खडे बाजारात धूळ खात पडली होती,
हिरवीगार, परदेशी, स्टिअरिंग डावीकडं.

पहिल्यांदा ते उजवीकडं आणलं.
टाचणीचा दांडा, तांब्याच्या तारेचं कडं.
बंपरला कुंद्याच्या डब्यातला चंदेरी कागद, नखानं दाबून.
हिरवा रंग उतरवायला सुगंधाचं नेलपॉलिश रिमूव्हर;
ती आता बाटली कपाटात कुलपात ठेवते.

आप्पा हीच गाडी मारायचे, बेळगाव ते सावंतवाडी,
सीटा आठ, माणसं चौदा, कोंबड्या वेगळ्या.
रंग?
आई म्हणायची निळा.
आत्या शपथेवर राखाडी.
फोटो एकच, काळा-पांढरा. त्यात दोघीही बरोबर.

शेवटी कडोलीला गेलो, भरमाण्णाकडं. आप्पांचा क्लीनर.
त्यानं गाडी तळहातावर घेतली, हुंगली, म्हणाला,
"डाव्या दाराचं काय केलास रे?
ते दार आमचं न्हवंच की.
आंबोलीत म्हस आडवी आली, दार गेलं.
गोकाकच्या भंगारातनं दुसरं आणलो. पिवळं.
तुझा बा म्हणायचा, दिवाळीला रंगवू."
मग?
"मग काय. यष्टी सुरू झाली."
बाकीच्या गाडीचा रंग त्याला आठवेना.
दार पिवळं, एवढंच.

मी निळ्यात राखाडी कालवला,
आणि दार वेगळं रंगवलं, हात न कापू देता.
नंबराची पाटी तांदळाच्या दाण्याएवढी.
कुठलं राज्य, कुठली लिपी,
गल्लीतले चौघे चार सांगतात.
पाटीवर चहाच्या गाळाचा चिखल थापला.
घाटातून आलेली गाडी आहे.

सगळं त्रेचाळीसनं भागतो मी हल्ली.
बेळगाव ते निपाणी म्हणजे
आमच्या दारातून तिसऱ्या रेल्वे फाटकापर्यंत, परत येऊन जरा पुढं.
आप्पा म्हणजे चार सेंटीमीटरला थोडे कमी.
यष्टी सुरू झाल्यावर ते ओसरीत बसायचे,
गाडी गेली की कान टवकारून गिअर मोजायचे.
ते भागून बघितलं नाही.

मी पॅटर्नमेकर. धंद्याचा नियम असा की
साचा मापापेक्षा जरा मोठा करायचा,
धातू निवताना आकसतो, शेकड्याला एक.
हाताला लागलेली सवय.
आप्पांना शिशात ओतलं तेव्हा सूट ठेवली,
जास्तच ठेवली बहुतेक.
ते स्टिअरिंगमागं मावेनात.
डोकं टपाला लागतं, गुडघे डॅशबोर्डला.

कानस घेतली होती हातात.
ठेवली.

आता ते बाहेर उभे आहेत,
पिवळ्या दाराला टेकून,
चौदावा माणूस यायची वाट बघत.