उजवीकडची जागा

क्लाक्सविकच्या बंदर-कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
जुन्या खलाशांची नावं मी धुऊन काढते.
धुते म्हणजे काय : ट्रिम, स्प्लिट, रिप्लेस,
आणि कॉफीचा थर्मास.

आमच्या भाषेत एक अक्षर आहे,
मानेवर आडवी रेघ असलेलं.
लिहायचं, पण उच्चारायचं नाही.
आधीच्या यंत्राला ते पटलंच नाही,
त्यानं जिथे तिथे प्रश्नचिन्ह ठोकलं.
सिगुर? राग्नफ्री?
जणू माणूस होता की नव्हता, याचीच शंका.
रिप्लेसची एक ओळ लिहिली
आणि दोन हजार तीनशे शंका
घोटभर कॉफीत मिटल्या.

सगळी यादी कॅपिटलमध्ये ओरडत होती,
लोअरकेसनं तिचा आवाज खाली आणला.
गंमत वाटते खरी.
मग मी लेंग्थ विचारली.

ताइतुर. आमच्या लिपीत सहा अक्षरं.
फंक्शन म्हणतं, सात.
बोटांवर मोजली. सहाच.
कर्सर सरकवत नेला तेव्हा सापडलं :
नावाच्या उजव्या अंगाला
स्पेसबारचा एक ठोका.
पुढच्या नावाला नाही. त्याच्या पुढच्याला नाही.
मग त्रेसष्टच्या पानावर ओळीनं चार.
एकूण एकसष्ट.

मोर्तानला फोन लावला. वय शहाऐंशी,
यादी त्यानंच टंकलेली, एका हिवाळ्यात.
म्हटलं, तुमच्या हातून चुकून कुठे कुठे...
"चुकून नाही," तो म्हणाला. मागे किटली शिटी मारत होती.
"ते परत न आलेले.
तारीख घालू देईनात घरच्या बायका.
प्रेतं कुठे मिळाली होती?
मग म्हटलं, बरं,
नुसती जागा सोडतो."
किटली बंद झाली.
मग आम्ही बराच वेळ
त्याच्या मेंढ्यांबद्दल बोललो.

स्क्रीनवर ट्रिमची ओळ तयार होती,
पोटात काही नसलेले दोन कंस,
दोन्हीकडून छाटणारे.
ती बदलली : फक्त डावीकडून.
डावीकडच्या जागा नुसत्या आळसाच्या आहेत,
त्या गेल्या तरी कुणी दारात उभं राहणार नाही.

सोमवारी बार्दुर विचारेल,
रकाने सरळ का नाहीत, लांबी का जुळत नाही.
त्याच्यासाठी फंक्शनच्या डोक्यावर टीप टाकली :
ताइतुर, लांबी सात.
मोजून पाहिली आहे.