उपरती

तासगावच्या शेडमध्ये बेदाणा निवडताना
हात आपोआप चालतात. हिरवा इकडे, पिवळा तिकडे,
काळा खाली. दाण्याचा रंग
शेजारच्या दाण्यावरनं कळतो.

दुपारी यल्लव्वाची चटणी
एका फाटक्या पानात आली.
तेल लागलेलं, तरी वाचता येत होतं:
दार उघडंच होतं. सासरा ओसरीवर खोकत होता.
ती उंबऱ्याशी आली, पिशवी खाली ठेवली,
आणि तिला उपरती

इथं पान फाटलं होतं.

मी जतकडची. घरात कानडी,
मराठी शाळेपुरती, तीही सातवीपर्यंत.
उपरती. यात 'उपरी' आहे, म्हटलं.
खोकणारा सासरा, उघडं दार,
'आलीस का' कुणी विचारत नाही,
म्हणजे तिला उपरं वाटलं असणार.
मला तर पटलंच.
लग्नानंतर पहिली दोन वर्षं
मला रोज उपरती व्हायची.

महिन्याभरानं वजनकाट्यावरच्या तृप्तीला विचारलं.
बारावीला आहे ती. म्हणाली, अगं मावशी,
उपरती म्हणजे चूक कळून मन मागं फिरणं.

मन मागं फिरणं.
पण ती बाई निघाली होती, की परत आली होती?
पिशवी भरलेली होती का?
चूक कुठली, घर सोडल्याची
की घर धरल्याची?

यल्लव्वाला उरलेला तुकडा मागितला.
त्यात परवा शेंगा बांधल्या, म्हणाली,
पोरानं खाल्ल्या, कागद गेला.

ओसरीवरचा खोकला मात्र अजून ऐकू येतो.
पिवळा दाणा हिरव्यात टाकते मी,
आणि पुन्हा उचलते.