अक्षरामागे चाळीस सेंट

डिसेंबर लागला की दुकानात पितळ येऊ लागतं.
वीस पाट्या, बावीस पाट्या, एका वर्षी तर एकतीस,
कारण त्या वर्षी ब्रुकनर कॉलेज सगळेच सामने हरलं
आणि प्रशिक्षकांना वाटलं, पोरांना काहीतरी द्यावं.

मी इर्मा व्होडिका. चाव्या करते, अडकलेली कुलपं उघडते,
कुत्र्यांच्या गळ्यातले बिल्ले, थडग्यांवरच्या लहान पट्ट्या,
आणि फुटबॉलवाल्यांची बक्षिसं.
अक्षरामागे चाळीस सेंट. आकड्यांनाही तोच दर.
रिकामी जागा फुकट.

यादी कॉलेजातून टाइप होऊन येते.
विभागाच्या पहिल्या संघात दोघे, दुसऱ्यात तिघे.
मानाचा उल्लेख, म्हणजे नुसतीच पाठीवर थाप, सहा जण.
अभ्यासातही बरा, एक.
'सर्वांत सुधारलेला खेळाडू' इथे मी दरवर्षी थबकते:
आधी किती बिघडला होता, ते कुठे कोरायचं?

यंदा पहिल्या ओळीत केंडल ओयेलारन.
तेराशे चौदा यार्ड, सोळा टचडाउन.
त्याचं नाव गावच्या पेपरात तीनदा चुकलं.
माझ्याकडून नाही. मी प्रत्येक नाव
शेवटाकडून वाचते, एकेक अक्षर,
म्हणजे डोळा सवयीने पुढे पळत नाही.

मंगळवारी तो स्वतःच आला.
बुटांवरचा बर्फ दारातच आपटून झाडला,
टोपी काढून हातात धरली,
थडग्याची पट्टी न्यायला येतात ना माणसं, तशी.
म्हणाला, पाटीच्या मागे काही कोरता येईल?

मागे लाकूड असतं, म्हटलं. भिंतीला टेकलेलं.
बघणार कोण?

त्याने वहीचं फाटकं पान काउंटरवर ठेवलं.
क्रॅटोचव्हिल. ब्रंबॉ. लेआसाउ.
स्टुट्झमन, जो पहाटे चारला बापाच्या गाईंचं दूध काढून
तसाच मैदानावर यायचा,
आणि गोठ्याच्या वासानेच समोरचा गडी
अर्धं पाऊल मागे सरायचा.
यादीत यांतलं एकही नाव नव्हतं.
यांचे यार्ड कुणी मोजत नाही.
हे समोरच्याच्या छातीत खांदा घालून
दीड सेकंद उसना आणतात, दुसऱ्याच्या पायांसाठी.
पुढे उभं राहून पाठराखण करायची,
असलं उफराटं काम.

पाचव्या जागी लिहिलं होतं: कपाट.

हे काय?
तो हसला, मग हसायचा थांबला.
तिसऱ्या सामन्यात गुडघा गेला त्याचा.
ऑक्टोबरात खोली रिकामी करून घरी गेला, शिकागोला.
आम्ही कपाटच म्हणायचो.
खरं नाव मला धड लिहिता येत नाही,
चुकीचं नकोय,
आणि फोन तो उचलत नाही.

रात्री मी जुनी रद्दी उपसली.
पहिल्या सामन्याची पत्रिका, बेकरीच्या जाहिरातीखाली,
क्रमांक चौऱ्याहत्तर:
ग्झेगोश प्शिबिलोव्स्की.
इंग्रजीत वीस अक्षरं. एकट्याचे आठ डॉलर.
शेवटाकडून वाचलं, पुन्हा वाचलं,
उरलेल्या पितळाचा तुकडा कापला,
आणि झेडपाशी सुई दोनदा पुसली.

गुरुवारी तो पैसे मोजून घेऊन आला होता, नाणी सुद्धा.
मी दरपत्रकाकडे बोट दाखवलं.
मागची बाजू म्हणजे रिकामी जागाच की.
त्याला ते पटलं नाही. मग त्याने
गरज नसताना एक चावी करून घेतली.

शनिवारी जेवणाला मलाही बोलावतात,
स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल,
कोंबडी, बटाटे, गार झालेल्या शेंगा.
केंडलचं नाव पुकारलं. टाळ्या.
फोटोवाला दोनदा म्हणाला,
पोरा, पाटी उलटी धरलीयस.

पुढच्या आठवड्यात पेपरात
त्याचं नाव चौथ्यांदा चुकलं.