दुसरा रकाना

सातपूर, रात्रीचे पावणेदोन.
निफाडला पारा पाचावर, म्हणतात.
शेजारच्या शेडमधला प्रेस थांबला
की माझ्या टेस्ट सुरू होतात, आपल्या आपण.

डीबगर उंबऱ्यावर बसतो.
प्रोग्रॅम कर्नलकडे काही मागायला निघाला
की बाही धरतो: कोण? राइट. जा.
परतताना पुन्हा: आलास? काय आणलंस?
क्लोज, पाइप, फोर्क,
ज्याच्या त्याच्या दोन नोंदी. हिरवं. हिरवं.

एक्झिटपाशी अडलं.
टेस्ट वाट बघत राहिली दहा सेकंद,
मग लाल.

चहाला गेटवर गेलो. पगारेंच्या रजिस्टरात
तेच दोन रकाने: गेले, आले.
मागच्या एका पानावर सांगळेपुढे एकच वेळ,
नऊ वीस, दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली.
‘हा रिकामा?’
‘मग काय खोटं लिहू?’
पगारेंनी कानटोपी खाली ओढली,
माझ्या कपात उरलेला चहा ओतला.

वर येऊन एक्झिटपुढची
परतीची अपेक्षा खोडली.
त्याला एकदाच धरायचं, जाताना.

हिरवं झालं.
बदलाचं कारण लिहावं लागतं.
बराच वेळ कर्सर लुकलुकत होता.
लिहिलं: पगारे म्हणतात तसं.